कुठं होतो आपण

'मागे'ची कळ दाबली आणि तो मागे गेलाच नाही. समोरची स्क्रीन बंद होती, ताईच्या घरी ती नेहमी बंदच असते, आणि टेबलावरच्या लहानशा स्पीकरमधून यंत्राचा आवाज कोडची एकेक ओळ वाचून दाखवत होता. ओळ बरोबर होती. नाव तेच, कंसातली अक्षरं तीच, शेवटचा अर्धविराम तोच. निघालो तिथंच परत आलो, असं त्यानं डोळे मिटून मानलं असतं. पण पुढची ओळ ऐकायला त्यानं बाण दाबला आणि मानेमागून गार वारा गेल्यासारखं झालं. ही ओळ मघाशी ऐकलेली नव्हती. आपल्याच स्वयंपाकघरात पाणी पिऊन बाहेर यावं आणि बाहेरची खोली शेजाऱ्यांची निघावी; खुर्च्या तशाच, कोपऱ्यातलं कपाट तसंच, घड्याळही त्याच भिंतीवर, फक्त टिकटिक जराशी निराळी. त्यानं हात लांबवून स्क्रीनचं बटण चाचपलं. उजेड झाला. मघापासून तो स्क्रीनवरच्या मधल्या खिडकीत काम करत होता आणि आता उभा होता डावीकडच्या खिडकीत. त्या खिडकीत तो पाऊलसुद्धा टाकायला गेला नव्हता. सकाळी तिथं ताई जाऊन आली होती.

"काय रे? गप्प का झालास?" ताईनं पलंगाच्या काठावरून विचारलं.

"काही नाही. थांब जरा."

"थांबते की. आता थांबण्याखेरीज मला काय काम आहे," असं म्हणून ती हसली.

त्या हसण्यासाठीच तर तो इथं आला होता. परवा भाऊजींचा फोन आला तो बाल्कनीतून, आवाज दाबून, मागे रस्त्यावरच्या गाड्यांचा गलका. "तू ये," भाऊजी म्हणाले, "आणि सहज आलोय असं दाखव. तुला नाटक जमत नाही हे मला ठाऊक आहे, तरी दाखव." मग एका दमात त्यांनी सगळं सांगून टाकलं. ताईला कोड लिहायचं सोडायचं होतं. ऑफिसात ती सांगून आली होती की मला फोन घेण्याच्या टेबलावर बसवा, लोकांच्या तक्रारी ऐकेन, कान तर शाबूत आहेत. साहेबांनी विचार करायला वेळ दिला होता आणि शनिवारी, म्हणजे आज, संध्याकाळी ते तिचं उत्तर ऐकायला फोन करणार होते. "अरे, डोकं चालेनासं झालंय म्हणते. बोलताना जीभ अडखळत नाही, कुणाची नावं विसरत नाही, मी काल कुठली चप्पल कुठं काढली ते मला सांगते. पण टेबलाशी बसली की म्हणते, मी हरवते. जन्मात कधी हरवली नाही रे ही बाई. मी हरवतो, ती शोधून आणते."

ताईला दिसत नाही. जन्मापासूनच. आंधळी हा शब्द ती स्वतः बिनदिक्कत वापरते, दुसऱ्यानं 'दृष्टीची अडचण' वगैरे म्हटलं की तिला हसू आवरत नाही. शहरातल्या बसगाड्या चालवणाऱ्या कार्यालयासाठी ती प्रोग्राम लिहिते: कोणती बस कुठं आहे, पुढचा थांबा कोणता, उशीर झाला तर थांब्यावरच्या पाटीवर काय दाखवायचं. तिचं यंत्र तिला ओळी वाचून दाखवतं, इतक्या झपाट्यानं की ऐकणाऱ्याला पत्र्याच्या डब्यात वाटाणे ओतल्यासारखं वाटावं. आज त्यानं तो वेग कमी केला तेव्हा ती म्हणाली होती, "एवढं हळू? छोट्या, मला झोप लागेल." चाळिशी उलटली तरी तो तिच्यासाठी छोट्याच होता. त्याच्या ऑफिसात मात्र त्याला 'वाटाड्या' म्हणतात.

वाटाड्या, कारण परतीची वाट हे त्याचं काम. प्रोग्रामर ज्यात कोड लिहितात असा एक एडिटर त्याची मंडळी तयार करतात, आणि त्यातली 'मागे'ची कळ गेली कितीतरी वर्षं त्याच्याकडे आहे. बाहेरच्या माणसाला हे सांगताना तो नेहमी एकच गोष्ट सांगतो. समजा तुम्ही काही वाचताय आणि मध्येच एक अनोळखी नाव आलं. हा कोण, म्हणून तुम्ही कळ दाबता आणि ते नाव जिथं जन्मलं तिथं उडी मारता. तिथं आणखी एक नाव भेटतं, पुन्हा उडी. अशा उड्या मारत मारत माणूस कुठल्या कुठं जातो, आणि मग त्याला आठवतं की अरे, मी निघालो कशासाठी होतो? तेव्हा 'मागे' दाबायचं. एकेक पायरी उलटी. एडिटरनं तुमचा प्रत्येक मुक्काम लक्षात ठेवलेला असतो. त्याची बायको एकदा म्हणाली होती, "म्हणजे लोक वाहवत जातात आणि तू त्यांना घरी आणतोस." त्याला ते इतकं आवडलं होतं की दोन दिवस तो स्वतःवरच खूश होता.

पूर्वी प्रत्येक खिडकीची वाट निराळी असे. लोक तीन-चार खिडक्या उघडून बसतात, आणि एका खिडकीत पाहिलेली जागा दुसऱ्या खिडकीतून 'मागे' दाबलं की सापडत नाही, अशा तक्रारी येत. त्यानं विचार केला, खिडक्या कितीही असोत, माणूस तर एकच आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याचा एकच धागा. मग वाटा वेगळ्या कशाला? एडिटरच्या नव्या आवृत्तीत त्यानं सगळ्या खिडक्यांच्या वाटा एकात एक वळून एकच वाट केली. आता 'मागे' दाबलं की याआधी तुम्ही जिथं होता तिथंच जाल, मग ती खिडकी कुठलीही असो. ती आपोआप पुढे येईल. आपल्या मोठ्या स्क्रीनवर तीन खिडक्या शेजारी शेजारी लावून त्यानं हे सतरांदा करून पाहिलं होतं. एक खिडकी मागे सरे, दुसरी पुढे येई, कडेची निळी रेघ लखलखे. सुंदर दिसे. दिसे, या शब्दापाशी तो आता थांबला.

कारण ताईला निळी रेघ नव्हती. तिचं यंत्र तिला ओळ वाचून दाखवत होतं आणि ओळ तर बरोबरच होती. बसचा जुना प्रोग्राम डावीकडे, नवा मध्ये, आणि नवा नीट चालतो का ते तपासणाऱ्या चाचण्या उजवीकडे, असं तिचं मांडून ठेवलेलं होतं. जुन्यातलं एकेक काम समजून घ्यायचं आणि नव्यात नीट लिहायचं. नावं दोन्हींकडे सारखीच. 'पुढचा थांबा' जुन्यातही आणि 'पुढचा थांबा' नव्यातही. नव्यातून उडी मारून परत यायला ती 'मागे' दाबी आणि एडिटर तिला गुपचूप जुन्यात नेऊन उभं करी, कारण मध्ये केव्हातरी ती तिथं डोकावून आलेली असे. मग ती विश्वासानं जुन्यात दुरुस्ती लिही. जुन्याला कुणी हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती, त्यावर शहरातल्या बसगाड्या अजून चालत होत्या. तिच्याबरोबर काम करणाऱ्या मुलांनी चूक पकडली, निस्तरली, आणि तिला म्हणाली, होतं असं मॅडम. पुन्हा झालं, तेव्हाही म्हणाली, होतं असं. हे 'होतं असं' तिला सुरीसारखं लागलं. आपली पोरं आपल्याला सांभाळून घ्यायला लागली की समजावं, असं ती भाऊजींना म्हणाली होती. यंत्राचा दोष असेल हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. ते यंत्र नव्हतंच तिच्या लेखी. ते तिच्या भावाचं काम होतं. नवी आवृत्ती आली त्या दिवशीच तिनं ती हौसेनं घेतली होती.

त्यानं स्क्रीन बंद केली. का केली ते त्याला कळलं नाही. उजेडात बसून हे कळणं निर्लज्जपणाचं वाटलं असावं. खोली तशी अर्धवट उजेडाचीच होती. खिडकीखालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि गाडी त्याच दोन स्वरांत ओरडत होती. पलंगाच्या काठावर ताई बसली होती, हात मांडीत, मान किंचित डावीकडे. लहानपणापासूनची तिची खोड. बोलता बोलता मान डावीकडे होई, मग समोर, मग थोडी उजवीकडे. आई म्हणायची, बाई गं, लोकांना वाटतं तू त्यांचं ऐकत नाहीस. आणि त्याला एकदम ते सभागृह आठवलं.

एका दुकानाच्या वरचं ते सभागृह, लाकडी बाकं, पायांचे आवाज, आणि पुढे उभे बाबा. बाबा गाऊन सांगत. देवाच्या गोष्टी, माणसांच्या गोष्टी, कधी भाजीवाल्याची नि पोलिसाची गोष्ट, पण सगळ्यांच्या मुळाशी एक ओळ. ती आधी गायची, मग तिचा अर्थ सांगायचा, अर्थ सांगता सांगता गोष्ट निघायची, गोष्टीतून दुसरी गोष्ट, दुसरीतून बाबांच्या तरुणपणीचा एखादा किस्सा, आणि लोक हसून हसून बाकांवर आडवे. मूळ ओळ कुठल्या कुठं राहिलेली. मग बाबा थांबायचे. उपरण्यानं कपाळ पुसायचे. समोर बघून विचारायचे, "कुठं होतो आपण?" सभागृह चिडीचूप. आणि पहिल्या बाकावरून एक बारीक, स्वच्छ आवाज यायचा. ताईचा. "बाबा, तो पोलीस दाराशी उभा होता." बाबा पोलिसाला आत घेत, ती गोष्ट संपवत, पुन्हा विचारत, "आणि त्याच्याआधी?" "भाजीवाला रडत होता." भाजीवाल्याचे डोळे पुसून व्हायचे. "आणि त्याच्याआधी?" मग ती नुसती सांगायची नाही, गायची. *दार उघडेच होते, मीच फिरत राहिलो.* आणि बरोबर त्या 'फिरत'वर, जिथं बाबांनी ओळ सोडली होती त्या अक्षरावर, बाबांचा सूर तिच्या सुरात येऊन मिळायचा, आणि मग सगळं सभागृह. तो तिच्याच शेजारी बसलेला असे. त्याला एकदाही उत्तर आलं नव्हतं. गोष्टीत तो असा वाहवत जाई की मागे काही होतं याचीच शुद्ध नसे. बाबांना सगळं ठाऊक असतं आणि ते आमची परीक्षा घेतात, असं त्याला वाटे, आणि त्या परीक्षेत तो आयुष्यभर नापास झाला होता. कदाचित म्हणूनच तो 'मागे'ची कळ करायला लागला. हे मात्र त्याच्या मनात आजच आलं.

"ताई," तो म्हणाला, "तू डावीकडे बघतेस ना मधून मधून, ते का?"

"डावीकडे? मी?" ती चमकली. मग तिलाच सापडलं आणि ती लाजली. "अरे, जुनं तिकडे आहे ना."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? जुनं माझ्या डाव्या कोपराशी. नवं समोर, ताटासारखं. आणि चाचण्या उजवीकडे, जिथून वारा येतो तिथं. तुम्हा लोकांच्या खिडक्या काचेवर असतात, माझ्या माझ्याभोवती आहेत. तिकडे जायचं म्हणजे तोंड तिकडे वळतं आपोआप. प्रत्येकीत मी कुठं बसून उठले ते त्या त्या जागी असतं. जुन्यात शिरले की तिथलं माझं आधीचं सगळं जागं होतं, बाकीच्या दोघी वाट बघत बसतात. परत गेले की जिथं सोडलं तिथून." ती बोलता बोलता थांबली. आवाज खाली आला. "असायचं असं. आता नाही. आता मी समोर तोंड करून बसलेली असते आणि कुणीतरी मला कोपराशी नेऊन ठेवतं. खोल्या हलायला लागल्यात, छोट्या. स्वतःच्या घरात खोल्या हलायला लागल्या की माणसानं काय समजायचं?"

तो तिच्याकडे बघत राहिला. समोर बसलेली ही ठेंगणी बाई, केसांना तेल, चष्म्याची गरज नाही म्हणून चेहरा कसा उघडा, आणि तिच्याभोवती तीन प्रचंड दालनं, त्यांतल्या हजारो ओळी, प्रत्येक ओळीत तिनं ठेवलेली पावलं, कुठल्याही काचेशिवाय, कुठल्याही दिव्याशिवाय. त्यानं ते घर मोडलं होतं हे खरं. पण त्या क्षणी त्याला आपल्या चुकीपेक्षा ते घरच मोठं दिसलं. जुन्या इमारतीत चुकून भिंतीवर हात पडावा, पोपडा गळावा आणि आत रंगवलेली आख्खी भिंत निघावी, तसा तो स्तब्ध झाला. माणूस एकच, धागा एकच, असं तो म्हणत आला होता. एक कशाचा? ती तीन ठिकाणी बसली होती आणि तिन्हीकडे तिचा वेगळा भूतकाळ होता, आणि ती एकही भूतकाळ दुसऱ्यात सांडू देत नव्हती. कुणी करून दिलं हे तिला? आपण असलं काही घडवायला दोन जन्म घेतले तरी जमणार नाही, आणि ज्यानं घडवलं त्यानं ते सही न करता, एका मुलीच्या मानेच्या खोडीत लपवून ठेवलं. बाबा म्हणायचे, तो कारागीर आपलं नाव कुठंच घालत नाही.

"ताई, खोल्या तू हलवल्या नाहीस," तो म्हणाला. "मी हलवल्या."

आणि त्यानं सांगितलं. नीट सांगता आलं नाही, मध्येच निळ्या रेघेबद्दल बोलत बसला, मग पुन्हा मूळ पदावर आला. ती ऐकत होती. तिची मान डावीकडे झाली, समोर आली, उजवीकडे गेली; ती आपल्या दालनांतून फिरून एकेक जागा तपासत होती, त्या दिवशी इथं, त्या दिवशी तिथं. मग त्याला वाटलं आता ही रडणार.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"तुझं डोकं... ताई, तुझ्या डोक्याला मी काय म्हणू."

"काही म्हणू नकोस. गाढवा!" तिनं पलंगावरची उशी उचलून आवाजाच्या दिशेनं फेकली. नेम अचूक. "किती रात्री मी झोपले नाही! माझा मीच इलाज शोधत होते, बदाम काय खाल्ले, उलटे आकडे काय म्हणत बसले! अहो, ऐकलंत का, इकडे या आधी!"

भाऊजी दारातच होते, बहुधा मघापासून. हातात चहाचा ट्रे, आणि ट्रेवर कप तेवढे चार, कुणासाठी कोण जाणे.

"याला चहा देऊ नका," ताई म्हणाली. "यानं मला वेडी केली."

"इतकी वर्षं मी प्रयत्न करतोय, मला जमलं नाही," भाऊजी म्हणाले, आणि ट्रे असा खाली ठेवला की सगळ्या बश्यांत चहा सांडला.

मग त्यानं पिशवीतून आपला लॅपटॉप काढला आणि ताईच्याच टेबलाच्या कडेला बसून विणलेली वाट उसवायला घेतली. प्रत्येक खिडकीला पुन्हा तिची तिची वाट. सगळ्या खिडक्यांतून मागे जायचं असेल त्याच्यासाठी वेगळी कळ, आणि ती दाबली तर आधी यंत्रानं खिडकीचं नाव उच्चारायचं, मगच ओळ. काम अवघड नव्हतं. करणाऱ्याला उसवायची जागा ठाऊक असते. तरी तो हळूहळू करत होता. आपण दोऱ्याला नव्हे, कुणाच्या तरी पावलांना हात लावतोय असं त्याला वाटत होतं. ताई शेजारी चहा पीत बसली होती.

"बाबा आमची केवढी परीक्षा घ्यायचे ना," तो टाइप करता करता म्हणाला. "कुठं होतो आपण, कुठं होतो आपण."

"परीक्षा?" ताईनं कप खाली ठेवला. "तुला परीक्षा वाटायची? अरे वेड्या, बाबांना आठवायचं नाही."

त्याचे हात थांबले.

"खरंच आठवायचं नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा मी जवळ होते म्हणून मला कळलं. त्यांचा श्वास बदलला. घाबरलेल्या माणसाचा होतो तसा. सगळे लोक समोर, आणि बाबांना मूळ ओळ कुठली तेच सापडेना. मी हळूच सांगितलं. घरी येताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, बाळ, मी गोष्टीत शिरलो की मला मागचं दार दिसत नाही. तू धरून ठेवशील? म्हटलं, ठेवते. मग मी बोटं मिटायला लागले. बाबांनी ओळ सोडली की डाव्या हाताची करंगळी मिटायची. पहिली गोष्ट अर्धी सोडली की शेजारचं बोट. प्रत्येक बोटात एकेक जागा. ते परत यायला लागले की एकेक बोट उघडायचं." ती हसली. "किस्से फार व्हायचे तेव्हा उजवा हातही लागायचा. मोकळेपणानं वाहवत जायचे ते, कारण त्यांना माहीत होतं पहिल्या बाकावर मी आहे."

लहानपणापासून ज्या माणसाकडे त्यानं मान वर करून पाहिलं, तो समोर उभा राहून एका आंधळ्या मुलीच्या मिटलेल्या मुठीवर विसंबून गात होता. आणि आख्खं सभागृह, ते हसणारे, डोळे पुसणारे, सूर मिळवणारे लोक, सगळे त्याच मुठीतून घरी परतत होते, कुणालाही नकळत. मूठ त्याच्या गुडघ्याला लागून होती. त्यानं एकदाही खाली पाहिलं नव्हतं. आज त्यानं लज्जेनं खाली बघायला हवं होतं, पण मान वरच जात होती, सभागृहाच्या छताकडे, छताच्याही वर, जिथं कुणीतरी बोटं मिटून बसलेलं असावं. नाहीतर इतकी वाहवत गेलेली माणसं रोज संध्याकाळी आपापल्या दारी पोचतात तरी कशी?

"झालं?" ताईनं विचारलं.

"झालं. बस तू."

ती टेबलाशी बसली. आवाजाचा वेग तिनं पुन्हा आपल्यासारखा केला आणि वाटाणे ओतायला लागले. स्क्रीन लावायची त्याची इच्छा झाली नाही. तो नुसता ऐकत शेजारी बसला. समोर, नव्यात. उडी. आणखी एक उडी. मान डावीकडे, जुन्यात. तिथं काहीतरी ऐकलं, तोंडानं 'हं' केलं. उजवीकडे, वाऱ्याकडे. पुन्हा समोर, आणि 'मागे'. त्यानं श्वास रोखला. ओळ आली. समोरचीच. 'मागे', समोरचीच. ती डावीकडे गेली, 'मागे', तिथलीच. कुणीही कुणाच्या घरात शिरत नव्हतं. हळूहळू त्या वाटाण्यांतून त्याला शब्द ऐकू यायला लागले. बस निघाली, थांबा आला, उशीर झाला, पाटी बदलली. ताई आता त्याला विसरली होती. तिची बोटं पळत होती आणि चेहऱ्यावर पहिल्या बाकावरचा तो जुना, भरलेला शांतपणा होता. ती समोरच्या खिडकीत एका ओळीवर थबकली, तिथून खोल उडी मारली, तिथून आणखी खोल, मग डावीकडे जुन्यात ताडून बघायला गेली, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"साहेबांचा आहे," भाऊजी दारातून म्हणाले. फोन तिच्या हातात देऊन त्यांनी देवासमोर जोडतात तसे हात जोडले.

"हो साहेब," ताई म्हणाली. "हो, विचार झाला. नाही, फोनच्या टेबलावर दुसरं कुणीतरी बघा. हो. नाही, बरी नाही झाले, आजारीच नव्हते. घरातल्या खोल्या जरा हलवल्या होत्या कुणीतरी. आता लावून दिल्यात. सोमवारी येते. आणि साहेब, त्या पोरांना सांगा, आता माझ्याशी भांडा म्हणावं. अगदी नीट भांडा." पलीकडे साहेब बरंच काही बोलत राहिले, ती ऐकत होती, हसत होती, मध्येच तिनं बाहीनं डोळे पुसले. भाऊजी आत जाऊन विनाकारण भांडी वाजवू लागले. खाली रस्त्यावरून एक बस गेली आणि काचा थरथरल्या.

तिनं फोन ठेवला. खुर्ची पुढे ओढली. दोन्ही हात कळांवर ठेवले आणि तशीच थांबली. मग मान त्याच्याकडे वळवून, थेट बाबांच्या चालीवर तिनं विचारलं,

"कुठं होतो आपण?"

खोली चिडीचूप झाली. आतली भांडीसुद्धा. स्क्रीन काळी होती, बघायला काही नव्हतं, आणि त्या काळोखाकडे तोंड करून बसला असताना त्याच्या तोंडून शब्द बाहेर पडले, आपले आपण, कुणी आतून सांगावेत तसे. "नव्यात. शेवटची बस निघून गेली असेल तर काय करायचं, त्या ओळीवर. तिथून तू आत गेलीस."

ताईनं तोंड समोर केलं. 'मागे'. पुन्हा 'मागे'. यंत्रानं ओळ वाचली. शेवटची बस निघून गेली असेल तर.

"अरे," ताई म्हणाली, इतकंच, आणि तिचा हात चाचपडत त्याच्या मनगटावर आला, मनगटावरून तळव्यावर, आणि तिथंच थबकला. तेव्हा त्यानं खाली पाहिलं. त्याच्या डाव्या हाताची करंगळी मिटलेली होती, घट्ट, नख तळव्यात रुतेपर्यंत, आणि शेजारचं बोटही. ती केव्हा मिटली ते त्याला ठाऊक नव्हतं. ताईनं एक बोट हळूच उघडलं. करंगळी मात्र त्यानं तशीच राहू दिली.